ध्रुवावर चालत गेलेला माणूस आणि सोलापूरची पोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूगोल शिकवायची. आता निवृत्त आहे. महिन्यातून एक-दोनदा सोलापुरातल्या कुठल्या तरी शाळेत जाते आणि दीड तास रॉबर्ट स्वान या ध्रुवीय प्रवाशाबद्दल आणि त्याने पुढे उभ्या केलेल्या कामाबद्दल बोलते. बोलून झालं की प्रश्न येतात. होटगी रोडच्या शाळेत जे येतात तेच पूर्व भागातल्या शाळेत येतात. पालकांचे वेगळे, शिक्षकांचे त्याहून वेगळे. म्हणून ते सगळे इथे एका जागी लिहून ठेवलेत. क्रम मुलांनी लावलेला आहे, मी नाही.

बाई, हा रॉबर्ट स्वान कोण?

१९५६ साली जन्मलेला इंग्रज. पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवर चालत पोचलेला पहिला माणूस. दक्षिण ध्रुवावर तो ११ जानेवारी १९८६ रोजी पोचला, सोबत रॉजर मिअर आणि गॅरेथ वुड. उत्तर ध्रुवावर १४ मे १९८९ रोजी, सात देशांतल्या एकूण आठ जणांच्या तुकडीबरोबर. इथवर पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत मावेल एवढंच. मला त्याच्यात रस आहे तो यानंतरच्या वर्षांमुळे. ध्रुवावरून आलेली माणसं सहसा भाषणं देतात आणि म्हातारी होतात. यानं भाषणं दिलीच, पण सोबत कचरा उचलला.

पण दक्षिण ध्रुवावर पहिला अमुंडसेन ना? पुस्तकात तसंच आहे.

पुस्तक बरोबर आहे. रोआल अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला. रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोचला, तिथे आधीच नॉर्वेचा झेंडा फडकत होता, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही साथीदार गेले. अमुंडसेन पुढे १९२६ साली वायूने भरलेल्या वायुनौकेतून उत्तर ध्रुवावरूनही गेला. म्हणजे दोन्ही ध्रुव पाहिलेल्या पहिल्या माणसांत तो येतोच, पण उत्तरेला उडत. स्वान दोन्हीकडे पायी. भांडण मिटलं?

स्वान लहान असताना, अकराव्या वर्षी, त्याने स्कॉटवरचा जुना सिनेमा पाहिला आणि ठरवलं की आपण त्याच वाटेनं जायचं. त्याच्या मोहिमेचं नावच ‘स्कॉटच्या पावलांवर’ अशा अर्थाचं होतं.

किती चालले ते?

सुमारे चौदाशे किलोमीटर, सत्तर दिवस. हा आकडा मुलांना सांगितला की ती नुसती मान डोलावतात, म्हणून मी पंढरपूरच्या भाषेत सांगते. सोलापूरहून पंढरपूरला चालत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं, असं साडेनऊ वेळा. वाटेत दिंडी नाही, चहा नाही, टेकायला झाड नाही. प्रत्येकाच्या मागे घसरगाडी, तिच्यावर सुरुवातीला १६० किलोच्या आसपास वजन. ज्वारीची तीन पोती आणि वर दहा किलो. आणि वाट सपाट नाही, चढ आहे. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे २८३५ मीटर उंचावर आहे, कळसूबाई १६४६. जवळ रेडिओ नव्हता. ते पोचले त्याच सुमारास त्यांचं जहाज ‘सदर्न क्वेस्ट’ बर्फाने चिरडून बुडालं. जहाजावरची माणसं वाचली.

तारीख लक्षात ठेवायची युक्ती: १२ जानेवारी हा आपला हुतात्मा दिन. १९३१ साली मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली तो दिवस. स्वान त्याच्या आदल्या दिवशी पोचला. सोलापूरच्या मुलाला ११ जानेवारी विसरता येत नाही.

तिथं जेवायला काय खातेत?

हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो आणि माझा सगळ्यात आवडता आहे. घसरगाडी ओढणाऱ्या माणसाला दिवसाला पाच-सहा हजार उष्मांक लागतात, आपल्या दुप्पट-तिप्पट. आणि ते सगळं स्वतःच ओढून न्यायचं असतं. मग नेणार काय? वजनाला हलकं, पाणी नसलेलं, न नासणारं आणि स्निग्ध. एक ग्रॅम पिठूळ पदार्थात चार उष्मांक, एक ग्रॅम चरबीत नऊ. जुन्या मोहिमा वाळवलेलं मांस कुटून त्यात चरबी घालून वड्या करायच्या, आणि सोबत कडक बिस्किटं.

आता मला सांगा, न नासणारी कडक बिस्किटं म्हणजे आपली कडक भाकरी नाही तर काय? आणि कुटलेलं, तेलकट, महिनोन्महिने टिकणारं म्हणजे शेंगाचटणी! शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात. एका मुलीनं वर्गात उठून हिशेब केला की दिवसाला किलोभर चटणी खाल्ली की झालं. तिच्या आईने नंतर मला भेटून, असलं काही शिकवू नका म्हणून प्रेमानं बजावलं.

ध्रुवीय अस्वलं पेंग्विनना खातात का?

भेटतच नाहीत. अस्वलं उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला.

त्याच्या डोळ्यांचा रंग बदलला हे खरं का?

तो तसं सांगतो. त्याच्या चेहऱ्याची कातडी भाजून सोलली गेली आणि डोळ्यांचा रंग फिका पडला. तो हे ओझोनच्या छिद्राखालून चालल्यामुळे झालं असं मानतो. अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराला भोक पडतंय हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ सालीच जाहीर केलं होतं, म्हणजे हे तिघं चालत होते त्याच वर्षी. ते छिद्र सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मोठं असतं आणि ही मंडळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाली. बर्फावरून उलटं फिरणारं ऊनही काही कमी नसतं, हेही मुलांना सांगावं लागतं.

पण या गोष्टीचा पुढचा भाग मी जास्त वेळ घेऊन सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. फ्रिज, एसी आणि फवाऱ्याच्या डब्यांतले जे वायू ओझोन खात होते त्यांच्यावर १९८७ साली माँट्रिअल करार झाला. जगातल्या सगळ्या देशांनी तो पुढे मान्य केला. ते वायू बंद होत गेले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन थर साधारण २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल. आज सातवीत असलेली पोरं तेव्हा माझ्याहून थोडीच लहान असतील. म्हणजे माणसांनी बिघडवलेलं माणसांनी ठरवून सुधारायला घेतलं आणि ते सुधारतंय. वर्ग शांत होतो तो इथे, वितळणाऱ्या हिमनगाच्या फोटोपाशी नाही.

२०४१ साली अंटार्क्टिकाचा करार संपणार आणि खोदकाम सुरू होणार, असं व्हॉट्सॲपवर आलंय. खरं आहे?

नाही. आणि स्वानबद्दल आदर ठेवूनही हे स्पष्ट सांगायला हवं, कारण हा गोंधळ थोडाफार त्याच्याच संस्थेच्या नावामुळे झालाय. संस्थेचं नाव ‘२०४१’ आहे.

हकीकत अशी. अंटार्क्टिका करार १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी केला. तो १९६१ पासून लागू आहे आणि त्याला संपण्याची तारीख नाही. ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदमध्ये त्याला पर्यावरण संरक्षणाचा एक जोडकरार जोडला गेला. त्याचं सातवं कलम एका ओळीचं आहे: शास्त्रीय संशोधन सोडून खनिजांशी संबंधित कुठलंही काम बंद. पन्नास वर्षांनी त्याचा फेरविचार मागता येतो. १९९१ मध्ये पन्नास मिळवा, २०४१. स्वाननं ते साल उचललं आणि आपल्या कामाला मुदत म्हणून लावून घेतलं. मुदत असली की माणूस कामाला लागतो, परीक्षेचंच बघा की.

पण कायद्यानं पन्नास वर्षं मोजायची ती जोडकरार लागू झाल्यापासून. लागू झाला १४ जानेवारी १९९८ ला. तारीख बघितलीत? ऐन संक्रांत. इकडे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला आणि तिकडे एक अख्खा खंड खाणींपासून वाचलेला. तर १९९८ मध्ये पन्नास मिळवून २०४८. आणि २०४८ लाही काही आपोआप संपत नाही. त्यानंतर एखादा सल्लागार देश, म्हणजे करारात निर्णयाचा अधिकार असलेला देश, फेरविचाराची परिषद मागू शकतो, इतकंच. परिषदेत बदल मान्य झाला तरी तो लागू व्हायला तीन चतुर्थांश सल्लागार देशांची मान्यता लागते, आणि त्यात १९९१ साली जे सव्वीस सल्लागार देश होते ते सगळेच्या सगळे असावे लागतात. शिवाय खाणकामावर बंधन घालणारी दुसरी पक्की व्यवस्था तयार नसेल तर बंदी उठवताच येत नाही.

भारत १९८३ पासून सल्लागार देश आहे. म्हणजे त्या सव्वीसांत आपण आहोत. म्हणजे आपल्या सहीशिवाय कुलूप उघडत नाही. २०४८ साली ती सही करायची की नाही हे सांगणारे खासदार, अधिकारी आज कुठल्या तरी शाळेत बाकावर बसून डबा खातायत. मी हे सांगितलं की मागच्या बाकावरचा एखादा उगाच ताठ बसतो.

एक चोरवाट आहे, तीही सांगते, नाहीतर वकील पालक पकडतात: मंजूर झालेला बदल तीन वर्षांत लागू झाला नाही, तर एखादा देश जोडकरारातून बाहेर पडण्याची सूचना देऊ शकतो आणि दोन वर्षांनी बाहेर पडू शकतो. म्हणून कुलूप भक्कम आहे, पण त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. लक्ष ठेवणारी माणसं तयार करणं हेच स्वानचं काम, आणि या अर्थानं २०४१ हे साल चुकीचं असूनही उपयोगाचं आहे.

तिथं खोदण्यासारखं आहे तरी काय?

कोळसा तर आहेच. स्कॉटच्या तंबूत मृतदेहांजवळ सुमारे सोळा किलो दगड सापडले. मरायला टेकलेली माणसं दगड का ओढत होती? कारण त्यात ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तीच पानं आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे, गोंडवनाचे तुकडे होते. आपल्याकडे त्या झाडांचा कोळसा झाला आणि आपण तो जाळतो. इथून जवळच, फताटेवाडीला, कोळशावर चालणारं १३२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. वर्गातला पंखा फिरतो तो असल्याच कुठल्या तरी भट्टीवर. म्हणून मी मुलांना कोळसा वाईट, वीज चांगली असं शिकवत नाही. तसं सोपं नाहीये ते.

तो शिक्षणाचं काम करतो म्हणजे नक्की काय करतो? शाळा काढलीय का?

शाळा नाही काढली. सुरुवात उत्तर ध्रुवाच्या मोहिमेपासूनच झाली. आठ जण बर्फावर चालत असताना पंधरा देशांतली बावीस तरुण मुलं आर्क्टिकमध्ये आणली गेली होती. त्या चालण्यात बर्फ वेळेआधी वितळायला लागला आणि तुकडी बुडता बुडता वाचली. त्यानंतर सागरसंशोधक जाक कुस्तो यांच्या सांगण्यावरून त्यानं अंटार्क्टिका जपण्याचं काम अंगावर घेतलं, आणि १९९२ च्या रिओच्या वसुंधरा परिषदेत जगातल्या नेत्यांसमोर शब्द दिला की तरुणांना घेऊन प्रत्यक्ष काम करून दाखवू.

पुढं जे केलं ते मला भाषणापेक्षा मोठं वाटतं. किंग जॉर्ज बेटावर रशियाचं बेलिंग्सहाउझेन नावाचं केंद्र आहे. तिथल्या किनाऱ्यावर अनेक वर्षांचं भंगार साठलं होतं. १९९६-९७ मध्ये तो पंचवीस देशांतल्या पस्तीस तरुणांना घेऊन तिथे गेला, काय करता येईल ते बघितलं, आणि मग रशियन लोकांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं काम करून सुमारे पंधराशे टन कचरा हलवला. दहा टनी ट्रक धरले तर दीडशे ट्रक! हे सोलापुरातल्या कचरा डेपोवर नाही, जिथे उन्हाळ्याचे दोन-तीन महिनेच जहाज लागतं अशा ठिकाणी. यात त्यानं रशियनांना दोष देत बसणं टाळलं, ही गोष्ट मी शिक्षकांना मुद्दाम सांगते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या केंद्राकडे कचरा परत न्यायला पैसाच नव्हता. ‘तुमचा कचरा, तुम्ही उचला’ म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि किनारा तसाच राहिला असता.

२००८ साली तिथंच त्यानं छोटं शिक्षणकेंद्र उभं केलं आणि ते फक्त सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर चालवून दाखवलं. तिथून जगभरातल्या वर्गांशी बोलणं सुरू केलं. त्याआधी-नंतर ‘२०४१’ नावाची शिडाची बोट घेऊन बंदरं फिरला. तिची शिडं प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेल्या कापडाची होती. हे ऐकलं की विणकरांच्या घरातली मुलं लगेच सुताचा नंबर विचारतात. तो काही मला सांगता येत नाही.

आपल्या देशातलं एक उदाहरण द्यायलाच हवं. २०१२ साली त्याच्या अंटार्क्टिका मोहिमेत पारस लूंबा नावाचा एक भारतीय अभियंता होता. परत आल्यावर त्यानं लडाखकडे तोंड वळवलं आणि गिर्यारोहकांना घेऊन दुर्गम गावांपर्यंत सौर पॅनेल चालत न्यायला सुरुवात केली. रस्ता नसलेलं सुमदा चेनमो हे गाव २०१४ साली असं उजळलं. या कामाला २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा हवामान पुरस्कार मिळाला. स्वानची शाळा म्हणायची तर ही. तो माणसाला दूर नेतो आणि माणूस परत येऊन आपल्या गल्लीत काम करतो.

पर्यावरण वाचवा म्हणायचं आणि लोकांना जहाजात घालून अंटार्क्टिकाला न्यायचं, हा दुटप्पीपणा नाही का?

हा प्रश्न एका अकरावीच्या मुलानं विचारला, आणि त्याच्या शिक्षकांनी त्याला खाली बसवलं. मी त्याला परत उभं केलं.

प्रश्न योग्यच आहे. एका हंगामात अंटार्क्टिकाला जाणारे पर्यटक आता लाखाच्या वर गेलेत. प्रत्येकाच्या मागे विमान आहे, जहाज आहे, जळलेलं तेल आहे. स्वानच्या मोहिमांत जाणारे पैसे भरून जातात, ते आपल्या-तुपल्या खिशाचं काम नाही. त्याचं म्हणणं असं की जो जाईल तो परतून शंभरांना कामाला लावेल. लूंबासारख्यांच्या बाबतीत ते खरं ठरलं. प्रत्येकाच्या बाबतीत ठरलं असेल असं मी म्हणणार नाही. फोटो काढून परतणारेही असणारच.

स्वतः स्वानला हे टोचलं असावं. २०१७-१८ मध्ये तो मुलगा बार्नी याच्यासोबत पुन्हा दक्षिण ध्रुवाकडे निघाला, फक्त अपारंपरिक ऊर्जा वापरायची अशी अट घालून. सूर्याच्या उष्णतेवर बर्फ वितळवायचा, वनस्पतिजन्य इंधन वापरायचं. वयामुळे स्वानला मध्येच थांबावं लागलं, बार्नी जानेवारी २०१८ मध्ये पोचला. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की तुझा प्रश्न घेऊन त्या माणसानं ध्रुवापर्यंत चालून उत्तर द्यायचा प्रयत्न केला. उत्तर पटलं नाही तर तुझं तू शोध. न जाता काम करणं हेही एक उत्तर आहे, मी स्वतः गोव्याच्या पलीकडे गेलेली नाही.

पण सोलापूरचा आणि ध्रुवाचा संबंध काय? आपल्याकडे काही समुद्र येत नाही.

बरोबर. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ५८ मीटर चढेल, आणि सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे. एका काकांनी मला सभेत सांगितलं, “बाई, समुद्राचं सोडा, नळालाच रोज पाणी येत नाही.” यावर काय बोलणार! टाळ्या त्यांनाच पडल्या.

पण संबंध तिथंच आहे, पाण्यात. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. जून-जुलै ढग नुसते वरून जातात, आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. ज्वारीची पेरणी, विहिरी, सगळं त्या परतीच्या पावसावर. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये असं मांडलं की आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातला उन्हाळ्यातला बर्फ कमी होणं आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिवृष्टीचा पाऊस यांत नातं असू शकतं. ‘असू शकतं’ हा शब्द महत्त्वाचा आहे, तो खोडू नका. पण विचार करा, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं नशीब रशियाच्या उत्तरेकडच्या एका समुद्राशी बांधलेलं असू शकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला.

आणि आणखी एक गोष्ट, गंमत म्हणून. अंटार्क्टिका हे वाळवंट आहे. दक्षिण ध्रुवावर वर्षाला पडणारा बर्फ वितळवला तर दहा सेंटिमीटरही पाणी होत नाही. दुष्काळी म्हणून ज्याला नावं ठेवतात तो आपला जिल्हा त्याच्या कितीतरी पट ओला आहे.

वर्गात प्रयोग काय घेता? सामान काय लागतं?

दोन घमेली, बर्फ, एक वीट, एक पांढरा टॉवेल, एक काळी किंवा गडद चादर. सोलापुरात टॉवेल-चादर मागायला लाजायचं नसतं.

पहिला प्रयोग वितळण्याचा. एका घमेल्यात पाण्यावर तरंगणारा बर्फ, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेल्या विटेवर ठेवलेला बर्फ. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला खूण करायची. तरंगता बर्फ वितळला तरी पातळी जवळपास तीच राहते, विटेवरचा वितळला की चढते. उत्तर ध्रुवाचा बर्फ समुद्रावर तरंगतो, दक्षिणेचा जमिनीवर आहे. एवढं डोळ्यांनी पाहिलं की ‘ध्रुवाचा बर्फ वितळून समुद्र वाढतो’ हे वाक्य मुलं पुन्हा सरसकट लिहीत नाहीत. एकदा एका शाळेत बर्फ पोचेपर्यंतच पाणी झाला. रिक्षात, एप्रिलमध्ये, नुसत्या पोत्यात गुंडाळून आणला होता, चूक माझीच. त्या दिवशी भुसा म्हणजे काय आणि तो बर्फाभोवती का घालतात यावरच तास झाला, आणि तो वाईट नव्हता.

दुसरा प्रयोग गच्चीवर. पांढरा टॉवेल आणि गडद चादर शेजारी शेजारी उन्हात टाकायची, वीस मिनिटांनी हात लावून बघायचा. ताजं हिम ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतं, उघडा समुद्र फक्त सहा टक्क्यांच्या आसपास. बर्फ गेला की खालचं काळं पाणी उघडं पडतं, ते अजून तापतं, अजून बर्फ जातो.

या प्रयोगानंतर पूर्व भागातल्या एका मुलीनं घरी जाऊन आजीला विचारलं की आपल्या पत्र्याला चुना लावला तर? आजी दिवसभर त्या पत्र्याखाली बसून विड्या वळते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आत किती ते कुणी मोजत नाही. चुना आणला, मामानं लावला. आजीचा अभिप्राय तेलुगूत होता, मुलीनं भाषांतर करून सांगितला: थोडं बरं आहे, पण पावसात धुऊन जाईल. गेलाच. पुढच्या वर्षी परत लावला.

इतक्या लहान मुलांना जग बुडणार वगैरे सांगून घाबरवता कशाला?

नाही घाबरवत. बर्फ वितळतोय हे सांगते, ओझोन भरतोय हेही सांगते. अंटार्क्टिकात थर्माकोलचे दाणे नेण्यावर बंदी आहे, बॅटऱ्या, प्लास्टिक आणि तेलाचे रिकामे ड्रम परत आणावेच लागतात, हे सांगते आणि मग विचारते की आपल्या राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, तर परवाच्या बारशाला पत्रावळी कसल्या होत्या? घाबरत कुणी नाही. काही पालक मात्र खोकतात.

स्वान नेहमी सांगतो की पृथ्वीला सगळ्यात मोठा धोका आहे तो दुसरं कुणीतरी तिला वाचवेल या समजुतीचा. आपल्याकडे हे समजावायला इंग्रज लागत नाही. भैया चौकाजवळून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराकडे बोट दाखवलं तरी पुरतं. १९३८ साली चीनला डॉक्टर हवे होते, आणि सोलापूरच्या या माणसानं ‘जाईल कुणीतरी’ असं म्हटलं नाही.

आमच्या मुलाला अंटार्क्टिकाला जायचंय. त्यासाठी इंग्लंडचा गोरा श्रीमंत माणूसच असावं लागतं का?

मुळीच नाही! आणि या प्रश्नासाठी मी दीड तास थांबलेली असते.

भारताची पहिली मोहीम सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाला पोचली, स्वानच्या चार वर्षं आधी. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदिती पंत आपल्या, नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. रीना कौशल धर्मशक्तू २००९ मध्ये स्कीवरून दक्षिण ध्रुवावर पोचल्या, तसं करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं केंद्र बर्फात गाडलं गेलं, मैत्री १९८९ पासून आहे आणि भारती २०१२ पासून. भारती तर मालवाहू कंटेनर जोडून बांधलंय, १३४ कंटेनर.

या केंद्रांवर फक्त शास्त्रज्ञ जातात असं समजू नका. जनरेटर चालवायला, वेल्डिंगला, वायरिंगला, बर्फावरची वाहनं दुरुस्त करायला, स्वयंपाकाला, दवाखान्याला माणसं लागतात. त्यांची भरती गोव्याच्या केंद्राकडून निघते. निवड झाली की दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडातल्या औलीला बर्फावरचं प्रशिक्षण. मी आयटीआयमध्ये हे सांगितलं तेव्हा वेल्डरच्या तुकडीतला एक जण म्हणाला, “म्हणजे आमीबी जाऊ शकतो की!” हो, जाऊ शकतोस. सुताच्या गिरणीतल्या मेकॅनिकचा मुलगा ध्रुवाजवळ डिझेल इंजिन सुरू ठेवेल, यात अशक्य काहीच नाही. मराठी शाळेत शिकलेल्यानं घाबरायचं कारण नाही, इंजिन भाषा विचारत नाही.

कन्नड, तेलुगू, उर्दू शाळांतही येता का?

येते. कन्नड मला बऱ्यापैकी येतं, तेलुगूला शाळेतल्या शिक्षिका मदत करतात. ध्रुव हा शब्द तिन्हीकडे ध्रुवच आहे, उर्दूत कुत्ब. उर्दू शाळेतल्या एका मुलानं विचारलं, म्हणजे कुतुबमिनारातला तोच का? शब्द तोच. त्याला मी त्या दिवशी पेन दिलं.

फी किती?

नाही. रिक्षाभाडं शाळेनं दिलं तर घेते.

रॉबर्ट स्वान कधी हरला का?

दक्षिण ध्रुवाहून आला तेव्हा डोक्यावर मोठं कर्ज होतं. ते फेडायला वर्षं गेली. २०१७ ला अर्ध्यातून परत फिरला. राहिलेला टप्पा पुरा करायला २०१९-२० च्या हंगामात पुन्हा गेला, तेव्हा वय त्रेसष्ट, आणि ध्रुव दीडशे किलोमीटरवर राहिला असताना पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. विमानानं आणावं लागलं.

हे ऐकल्यावर मुलं नेहमी विचारतात, मग परत कधी जाणार? मोठी माणसं विचारतात, या वयात कशाला गेला? दोन्ही प्रश्न मी वहीत लिहून ठेवते, उत्तर देत नाही.

पुढचा वर्ग कधी?

गड्डा उठल्यावर. त्याआधी सोलापुरात कुणाचं पोर जागेवर बसत नाही. यात्रा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता होम मैदानावर चहाचे कप आणि पिशव्या गोळा करायला येते, ज्यांना यायचं त्यांनी यावं. पोती मी आणते. वर्ग त्यानंतर आठवड्यानं. येताना पांढरा टॉवेल आणा, काळी चादर माझ्याकडे आहे.